सहा फळ्यांचं घर्षण

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेकडे फिरकायचं नाही, असं फिजिक्सच्या सरांनी मावशींना तीनदा बजावलं होतं. एकदा स्टाफरूममध्ये, एकदा जिन्यात आणि एकदा फोनवर. फोनवर तर त्यांनी "मावशी, उद्या तुम्ही परीक्षार्थी आहात, परीक्षार्थी!" असं इतक्या जोरात सांगितलं, की जणू मावशींना ते माहीतच नव्हतं. खरं तर गेलं वर्षभर त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं.

बावीस वर्षं मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, वजनांच्या पेट्या मोजून मांडायच्या, तास संपला की पुन्हा मोजून आत ठेवायच्या. कोणतं स्टॉपवॉच रुसतं, कोणता थर्मामीटर दोन अंश जास्तीचे सांगून भाव खातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलं त्यांना मावशी म्हणत, मुलांचं ऐकून शिक्षक मावशी म्हणू लागले, आणि एकदा तर खुद्द मुख्याध्यापकांनी भर सभेत त्यांचं आडनाव आठवेना म्हणून "आपल्या मावशी" म्हणून वेळ मारून नेली होती.

आणि अचानक नियम आला. प्रयोगशाळेत काम करायचं तर बारावी सायन्स पास पाहिजे. दोन वर्षांची मुदत, दुसऱ्या जूनपर्यंत पास व्हा, नाहीतर त्या जूनपासून फाटकावर. मुख्याध्यापकांनी बातमी गोड करून सांगायचा प्रयत्न केला. "फाटकावर खुर्ची असते, मावशी. पंखा असतो. शिवाय घंटा तुमच्याच हातात." मावशींना खुर्चीची सवय नव्हती, घंटेशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, पण फाटकावर बसून वर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे बघत राहायचं, आणि आत कुणीतरी भलतंच माणूस आपले भिंगांचे डबे उलटे ठेवतंय हे मनात येत राहायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी फॉर्म भरला.

सगळे पेपर सुटले. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तर झोपेतही सुटलं असतं. अडलं ते फिजिक्सच्या प्रॅक्टिकलपाशी. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला आणि मावशींची जी वाचा बसली, ती घरी येऊन पाणी पिईपर्यंत उघडली नाही. तीन मार्कांनी गेलं. आता ही शेवटची संधी होती, कारण जून काही कुणासाठी थांबणार नव्हता.

वाचा बसू नये म्हणून सासूबाईंनी घरी तोंडी परीक्षा सुरू केली होती. सासूबाई शिकल्या चौथीपर्यंत. पुस्तक हातात धरून त्या मोठ्याने प्रश्न वाचायच्या आणि उत्तर बरोबर की चूक हे कळत नसल्यामुळे सरळ सुनेच्या तोंडाकडे बघायच्या. सून अडखळली की "चूक!" आणि धडाधड बोलली की "पुढे!" ही पद्धत मावशींना चांगलीच लागू पडली होती. वर्षभरात त्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तरं द्यायला शिकल्या.

त्या दुपारीही तेच चाललं होतं. सासूबाई पलंगावर, मावशी भाजी निवडत खाली.

"उतारावरून वस्तू वर ओढताना गुरुत्वाकर्षणाचं कार्य धन की ऋण?"

"ऋण. वस्तू वर चाललीय, ते खाली ओढतंय. आपण जातो त्याच्या उलट ओढणाऱ्याचं कार्य ऋण."

"म्हणजे माझ्या जावेसारखं. आणि घर्षण?"

"तेही ऋण. वर जाताना ते मागे खेचतं."

"म्हणजे तिची बहीण. बरं, आणि हे काय गं, लंब बल?"

"फळी वस्तूला खालून आधार देते ना, ते. ते काटकोनात असतं. पुढेही ढकलत नाही, मागेही खेचत नाही. त्याचं कार्य शून्य."

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "जन्मभर शेजारी उभा, आधार म्हणून सगळ्यांना दिसायचा, आणि काम शून्य. तुझा सासरा गं! पुस्तकात आला की!" आणि दोघी इतक्या हसल्या की निवडलेल्या देठांचा ढीग भाजीत मिसळून गेला.

हसून झालं, भाजी पुन्हा निवडून झाली, आणि मग मावशींच्या हाताला काही काम उरलं नाही. इथेच घात झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळा पुसायची, ही त्यांची बावीस वर्षांची सवय. हात शिवशिवायला लागले. आपण गेलो नाही तर टेबलांवर धूळ असेल, बाहेरून परीक्षक बाई येणार, त्या बोट फिरवून बघणार, आणि बावीस वर्षांची अब्रू एका बोटावर जाणार. नुसतं फडकं मारून येते, असं म्हणत त्यांनी चपला घातल्या. जाता जाता कोनाड्यातला मेणाचा डबा उचलला.

डबा नवऱ्याचा. मावशींचा नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा, आणि लाकूड कोरडं दिसलं की त्याला एखाद्या उपाशी पाहुण्याची यावी तशी लाकडाची दया यायची. घरातली टेबलं, खुर्च्या, पोळपाट, आईच्या काठीची मूठ, सगळं त्याने चकचकीत करून टाकलं होतं. ती काठी हातातून निसटते म्हणून सासूबाईंनी मुठीला कापड गुंडाळलं होतं, ते सोडा.

प्रयोगशाळेत मावशींनी आधी टेबलं पुसली. मग वजनं. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात उभ्या केलेल्या सहा फळ्यांकडे गेलं. एकेक मीटर लांबीच्या, एकाच लाकडाच्या या फळ्या उताराच्या प्रयोगासाठी होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्यावरून ठोकळे ओढून ओढून मधोमध खरखरीत पट्टे पडले होते. इतकी वर्षं मावशी त्यांच्यावरून कोरडं फडकं फिरवत आल्या होत्या. पण आज हात मोकळे, मन अस्वस्थ आणि डबा जवळ. त्यांनी बारीक पॉलिश पेपर काढला आणि सहाही फळ्या घासल्या. मग मेणाचा एक हात दिला. तो वाळला की दुसरा. मग लोकरीचा तुकडा घेऊन अशा रगडल्या, की त्यात खिडकीचे गज दिसायला लागले. सहा ठोकळ्यांनाही खालून तोच प्रसाद मिळाला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "किती हात दिलेस?"

"दोन."

"आधी पेपर मारलास?"

"मारला."

"मग आरसा झाला असेल!" नवऱ्याचा चेहरा अभिमानाने फुलला. मावशीही खूश होत्या. वर्षभर त्यांनी घर्षणाचा धडा घोकला होता. घर्षण कशावर अवलंबून असतं, पृष्ठभाग गुळगुळीत केला तर काय होतं, सगळं तोंडपाठ होतं. तोंडाने हे पाठ करणारी बाई आपल्याच हाताने सहा फळ्यांचं घर्षण पुसून आली होती, आणि घरात तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गटात सहा परीक्षार्थी होते. पाच सतरा-अठरा वर्षांची मुलं आणि एक बावन्न वर्षांच्या मावशी. प्रयोग सगळ्यांना एकच, उताराचा. परीक्षक बाई उंच, शिडशिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात सरांनी दिलेली अपेक्षित उत्तरांची यादी. बोलणं मोजकं. "तासाभरात मोजमाप आणि हिशेब पूर्ण करायचे. मग एकेकाला तोंडी परीक्षेला बोलवेन. सुरू करा." त्यांनी टेबलावर खरोखरच बोट फिरवून पाहिलं, बोट स्वच्छ निघालं, आणि मावशींना मनातल्या मनात सार्थक वाटलं.

प्रयोग सोपा होता. फळीचं एक टोक पंचवीस सेंटिमीटर उचलायचं. अर्ध्या किलोच्या ठोकळ्याला स्प्रिंगचा काटा अडकवून त्याला फळीवरून ऐंशी सेंटिमीटर वर ओढायचं, सावकाश, एकसारख्या वेगाने. काटा किती न्यूटन दाखवतो ते लिहायचं. मग ओढणाऱ्या हाताचं कार्य, गुरुत्वाकर्षणाचं कार्य आणि घर्षणाचं कार्य असे तीन हिशेब करायचे, आणि तिघांची बेरीज शून्य येते का ते दाखवायचं.

आता या प्रयोगाचं एक गुपित होतं, आणि ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. काटा दोन पॉइंट नऊ दाखवतो. मोठी मुलं धाकट्यांना जाता जाता हा आकडा देऊन जात. दोन पॉइंट नऊ, हाताचं कार्य दोन पॉइंट तीन दोन ज्यूल, गुरुत्वाचं वजा शून्य पॉइंट नऊ आठ, उरलेलं घर्षणाचं वजा एक पॉइंट तीन चार. सरांच्या यादीतही हेच. मावशींनी हे आकडे बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकले होते, की भाजीवाल्याने किती किलो देऊ विचारलं तरी तोंडातून दोन पॉइंट नऊच निघालं असतं.

त्यांनी फळीची उंची मोजली. पंचवीस. काट्याचं शून्य तपासलं. ठोकळा अडकवला, श्वास धरून हळूहळू ओढला.

काट्याने दाखवलं दोन पॉइंट एक.

मावशींनी डोळे मिचकावले. पुन्हा ओढला. दोन पॉइंट एक. काटा शेजारच्या टेबलावरच्या काट्याशी ताडून बघावा असं मनात आलं, आणि तेवढ्यात फळीवर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. अंधूक, पण आपलाच. गोल, घाबरलेला आणि कपाळाला आठ्या पडलेला. पृष्ठभाग गुळगुळीत केला तर घर्षण कमी होतं. पान एकशे बारा, तिसरा परिच्छेद. सासूबाईंनी यावर "पुढे!" म्हटलं होतं.

पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या डोक्यात मेणाचा डबा घालावासा वाटला. मग त्या विचार करू लागल्या. दोन पॉइंट नऊ लिहिलं तर कुणाला काय कळणार होतं? यादीत तेच, मुलांच्या वह्यांत तेच. पास होऊ, प्रयोगशाळा राहील. दोन पॉइंट एक लिहिलं तर उत्तर चूक, आणि का चूक हे सांगायला गेलं तर आदल्या दिवशी परीक्षार्थ्याने साहित्याला हात लावला, हे कबूल करावं लागणार. मग परीक्षाच रद्द. मावशींना फाटकावरची खुर्ची दिसली. पंखासुद्धा दिसला.

तरीही हाताने पेन्सिलीने दोन पॉइंट एकच लिहिलं. इतकी वर्षं मुलांवर ओरडून ओरडून घसा बसला होता, की अरे काटा बघा, काटा बघून लिहा, आणि आता त्याच घशाने स्वतःला दुसरं काही सांगवेना. हिशेबही केले. हाताचं कार्य एक पॉइंट सहा आठ. गुरुत्वाचं वजा शून्य पॉइंट नऊ आठ. घर्षणाचं वजा शून्य पॉइंट सात. बेरीज शून्य. हिशेब कसा स्वच्छ जमला होता, आणि तरी तो यादीशी जुळत नव्हता.

परीक्षक बाई फिरत फिरत त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. यादी बघितली, वही बघितली. "आकडा जुळत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वेळ आहे अजून. नीट ओढून बघा." म्हणजे बाईंनी दार उघडून ठेवलं होतं, आत जायचं तेवढं बाकी होतं. मावशींनी खोडरबर हातात घेतला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून खसाखस आवाज आला. तिथे एक मुलगी होती, नेहमी पहिल्या बाकावर बसणारी, काटा डोळ्याशी धरून वाचणारी. तिच्या वहीतही दोन पॉइंट एक होता, आणि ती तो खोडत होती. डोळ्यांत पाणी, आणि खोडून खोडून कागद फाटायला आला होता. पलीकडच्या चौघांनी तर ठोकळा एकदाच ओढला होता, ते दोन पॉइंट नऊ लिहून मोकळे झाले होते आणि निवांत खिडकीबाहेर बघत होते.

मावशींना आपला घोटाळा आपल्यापुरता वाटत होता. या मुलीने खरं तेच वाचलं होतं, आणि आपल्या मेणामुळे तिला ते खोटं वाटत होतं. मावशींना स्वतःची एवढी लाज वाटली, की फाटकाची खुर्ची क्षणभर डोळ्यांपुढून नाहीशी झाली.

त्यांनी हात वर केला. "मॅडम, काटा बरोबर आहे. तिचाही आणि माझाही. फळ्या बदलल्यात."

"फळ्या बदलल्यात? कुणी बदलल्या?"

सर कोपऱ्यात होते. त्यांनी मान हलवून, डोळे वटारून, ओठांवर बोट ठेवून जेवढ्या खुणा करता येतात तेवढ्या केल्या. मावशींनी तिकडे बघितलं नाही.

"मी. काल दुपारी. पॉलिश पेपर मारला आणि मेणाचे दोन हात दिले. परीक्षा आहे म्हणून जरा चांगल्या दिसाव्यात, एवढंच मनात होतं."

खिडकीबाहेर बघणाऱ्या चौघांपैकी एकाने धीर करून म्हटलं, "पण मॅडम, मला दोन पॉइंट नऊच दिसलं."

परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. "मावशी, तुमचं म्हणणं सिद्ध करता येईल? काट्याशिवाय?"

समोर सासूबाईच बसल्यात असं समजून मावशी धडाधड बोलत सुटल्या. "येईल. हा उतार अर्ध्या किलोच्या ठोकळ्याला एक पॉइंट दोन न्यूटनने खाली ओढतो. काटा दोन पॉइंट नऊ असेल तर त्यातलं उताराचं वजा केलं की घर्षण उरतं एक पॉइंट सात. म्हणजे घर्षण भारी. ठोकळा वर ठेवून हात सोडला तरी तो जागचा हलायचा नाही. पण काटा दोन पॉइंट एक असेल तर घर्षण फक्त पॉइंट नऊ. मग उतार भारी. ठोकळा आपला आपण खाली येईल."

"बघू या." बाई दोन पॉइंट नऊवाल्या मुलाच्या टेबलापाशी गेल्या. ठोकळा फळीच्या वरच्या टोकाला ठेवला, बोटाने जरासा टोचला आणि हात काढून घेतला.

ठोकळा निघाला. आधी सावकाश, विचार करत असल्यासारखा, मग सरसर, आणि खाली येऊन टेबलावरून थेट जमिनीवर धाड! मुलाने ठोकळ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि वही हळूच मिटली. बाई पुढच्या टेबलाकडे. धाड! तिसऱ्या टेबलावरचा ठोकळा थांबवायला सर धावले, आणि तो नेमका त्यांच्या बुटावर पडला. सर एका पायावर उभे राहिले. चौथा. धाड! पहिल्या बाकावरची मुलगी डोळे पुसायचं विसरून हसायला लागली, आणि मग बाकीचे चौघेही हसायला लागले, स्वतःवर का होईना. परीक्षक बाई हसल्या नाहीत. पण पाचव्या आणि सहाव्या टेबलावरचे ठोकळे सोडायची तशी काही गरज नव्हती, तरी त्यांनी ते सोडलेच.

"सगळ्यांनी नवी पानं घ्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा पूर्ण एक तास देते. या वेळी काट्याकडे बघून लिहा. आणि मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

व्हरांड्यात लाकडी बाक होता. मावशी त्यावर बसल्या. थोड्या वेळाने सर लंगडत बाहेर आले आणि शेजारी बसले.

"कशाला बोललात हो मावशी? दोन पॉइंट नऊ लिहून टाकायचं. मी यादी दिलीच होती ना."

"तिने खोडलं, सर. बरोबर होतं ते खोडलं."

सर दुखरा पाय चोळत म्हणाले, "नियमात साहित्याशी छेडछाड असा शब्द आहे. मॅडम आत नियमांचं पुस्तक वाचतायत. मी माझ्याकडून सांगितलं की वेड्या आहेत पण लबाड नाहीत."

"उपकार झाले," मावशी म्हणाल्या, आणि त्या परिस्थितीतही दोघांना हसू आलं. पण मग सर आत गेले आणि मावशी बाकावर एकट्या उरल्या. बावीस वर्षं ज्या दाराचं कुलूप आपण उघडलं, त्याच दाराबाहेर आपल्याला बसवलंय, या विचाराने त्यांना रडू आवरेना. त्या थोडं रडल्या, मग पदराला डोळे पुसले, मग समोरच्या खिडकीच्या काचेवर बोटांचे ठसे दिसले म्हणून उठून तीही पुसली.

तासाभराने मुलं बाहेर पडली. पहिल्या बाकावरची मुलगी जाता जाता थांबली आणि मावशींचा हात घट्ट दाबून गेली. मग आतून हाक आली.

परीक्षक बाईंपुढे नियमांचं पुस्तक उघडं होतं. त्यांनी मावशींना खुर्ची दाखवली. "यात लिहिलंय, स्वतःच्या फायद्यासाठी साहित्यात फेरफार केला तर परीक्षा रद्द. तुम्हाला यातून काय फायदा झाला?"

"फायदा कसला, मॅडम? माझंच उत्तर चुकायला लागलं."

"हो," बाई म्हणाल्या. "मीही तासभर शोधत होते. मला सापडला नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "आता तोंडी. लंब बलाचं कार्य?"

सासरेबुवा मावशींच्या अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. "शून्य. काटकोनात असतं. नुसता आधार देतं."

"तिन्ही कार्यांची बेरीज?"

"शून्य."

"शून्य कशी? एवढा जोर लावून ओढलंत ना?"

"एकसारख्या वेगाने ओढलं. ठोकळ्याचा वेग वाढला नाही, घटला नाही. म्हणून शून्य."

"मग तुम्ही लावलेला जोर गेला कुठे? वाया?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. सासूबाईंनी कधी विचारला नव्हता. गेल्या वर्षी अशाच जागी वाचा बसली होती. मावशींनी मागे वळून फळीकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "वाया कसा जाईल? ठोकळा वर पोचला की, मॅडम. पॉइंट नऊ आठ ज्यूल त्या उंचीत आहेत. सोडला तेव्हा ते त्याने परत दिलेच, सरांच्या बुटावर. आणि पॉइंट सात घर्षणाने घेतले, त्यांनी फळी तापली. एवढीशीच तापते, हाताला कळत नाही. पण तापते. काल मेण रगडताना मात्र चांगली कळली, हात भाजायची वेळ आली होती."

परीक्षक बाईंनी यादीचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग मार्कांच्या तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो पालथा घातला.

"निकाल मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तो टपालाने येईल. पण पुढच्या वर्षी या शाळेत परीक्षक मीच आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी मला उत्तरांची नवी यादी लागेल. प्रत्यक्ष मोजून केलेली. सरांच्या हातची नको. तुमच्या हातची, तुमच्या सहीने."

"बरं," मावशी म्हणाल्या, नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. व्हरांडा ओलांडला. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरल्या. चौथीवर त्यांना एकदम उमगलं, की फाटकावर बसणाऱ्या बाईकडून कुणी यादी मागत नाही. त्यांना इतका आनंद झाला की कठडा धरावा लागला. मग त्या वळल्या, बावन्न वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशा दोन-दोन पायऱ्या चढत परत आल्या आणि धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक यादी पुरायची नाही. सहा लागतील. सहाही फळ्यांचं घर्षण जरा जरा निराळं आहे. चार नंबरची तर पहिल्यापासूनच जरा मऊ. आजवर कुणी विचारलंच नाही."

परीक्षक बाई त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "मग सहा करा," त्या म्हणाल्या.